बिनखळीची चादर

चर्चच्या मागच्या गल्लीत एक लॉन्ड्री आहे, आणि ती चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली खळबाई म्हणते. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. तोंडावर सगळे मावशी म्हणतात आणि कपड्यांचं बोचकं ठेवून मुकाट्याने निघतात, कारण थांबलं की बाई डाग दाखवते. "हा कसला? आणि हा? जेवताना कपाळाला डोळे असतात का तुमचे?" असं चारचौघांत विचारते. पण काम असं, की बोलणी खाऊनही लोक तिच्याकडेच येतात. तिच्या हाताखालून गेलेली कॉलर माणसाला मान खाली घालू देत नाही. तिची स्वतःचीही मान कधी कोणी खाली गेलेली पाहिली नव्हती.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दूरदेशी, सणासुदीला फोन करणारा. मागच्या खोलीत शेगडी, खळीचं पातेलं, दोन मोठी घमेली आणि दोऱ्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल. दोन घमेल्यांपैकी निळं गिऱ्हाइकांचं आणि पांढरं फक्त चर्चचं. वेदीवरची कापडं, फादरांचे झगे, मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, प्याला पुसायचे छोटे रुमाल, हे सगळं पांढऱ्या घमेल्यात. रुमालांचं पहिलं पाणी ती मोरीत ओतत नसे. ज्या कापडाने प्रभूचा प्याला पुसला त्याचं पाणी गटारात कसं जाऊ द्यायचं? ते ती दारातल्या झाडाच्या मुळाशी घालायची. एकदा कामाला ठेवलेल्या बाईने चुकून सलूनचे टॉवेल पांढऱ्या घमेल्यात बुडवले, तर खळबाईने ते घमेलं तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं आणि त्या बाईला त्याच दिवशी घरी पाठवलं. नियम म्हणजे नियम. त्यात तिला मोठं सुख होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं सुख तिच्याकडे फारसं नव्हतंही.

तिला एक सख्खी धाकटी बहीण होती. दोन गल्ल्या सोडून, एका सलूनच्या वरच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. शिंप्यांकडून काज-बटणाचं काम आणायची आणि खिडकीत बसून करायची. या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोन गल्ल्यांचं अंतर, आणि मध्ये आईचं मरण.

झालं होतं ते असं. आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती, आणि दोघी पाळीपाळीने तिच्याजवळ बसायच्या. त्या दुपारी पाळी धाकटीची होती. निघताना थोरलीने बजावलं होतं, "श्वास बदलला की लगेच फादरना बोलाव. बाकी काही बघू नकोस." मरणाच्या दारातल्या माणसाच्या कपाळाला फादर पवित्र तेल लावतात, प्रार्थना म्हणतात, आणि माणूस निश्चिंत होऊन जातो. थोरलीच्या लेखी आईसाठी करण्यासारखं हे एकच मोठं काम उरलं होतं. त्या दुपारी आईचा श्वास बदलला खरा. पण किती तरी रात्री तळमळत काढलेली आई त्याच वेळी धाकटीचं बोट धरून झोपली होती. धाकटीला वाटलं, अर्धा तास झोपू दे बिचारीला, मग बोलावते. बोट सोडवून घेणं तिच्या जिवावर आलं. आई त्या झोपेतच गेली. फादर धावत आले, खिशातून तेलाची कुपी काढली, आईकडे पाहिलं आणि कुपी परत खिशात ठेवली. मेलेल्या माणसाला तेल लावत नाहीत. "आता फक्त प्रार्थना," ते म्हणाले.

थोरली तेव्हा सगळ्यांदेखत धाकटीला म्हणाली, "आईला तू कोरड्या कपाळाने पाठवलंस."

"ती झोपली होती गं, ताई," धाकटी म्हणाली. एवढंच. पुढेही जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तिने दुसरं काही म्हटलं नाही.

थोरलीने ते चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, लॉन्ड्रीत सांगितलं, विचारणाऱ्याला सांगितलं आणि न विचारणाऱ्यालाही सांगितलं. धाकटी आधी मागच्या बाकावर बसायला लागली, मग मिस्सा संपायच्या आत उठून जायला लागली आणि मग यायचीच बंद झाली. थोरलीला त्याचाही राग आला. गुन्हा स्वतःचा आणि वर तोंड लपवते, असं तिचं म्हणणं.

आता ही बाई दगडाच्या काळजाची होती असं कोणी समजू नये. धाकटीवाचून तिच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता असं नाही, पण एकटीने जेवताना ताट ठेवायला लागली की हात अजूनही दुसऱ्या ताटाकडे जायचा. बहिणीला माफ केलं पाहिजे हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ते नीट, रीतीने करायचं होतं. आणि त्याची रीत तिने ठरवून ठेवली होती, ती आगमनकाळाची.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. येणाऱ्याची वाट बघायची आणि तो येण्याआधी मन झाडून पुसून ठेवायचं. वेदीजवळ हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या करतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. फादर जांभळा झगा घालतात. फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी. हे सगळे झगे खळबाईच्या टेबलावरून जायचे. जांभळा रंग उतरतो म्हणून मिठाच्या पाण्यात, इस्त्री उलट बाजूने. कड्याखालच्या कापडावर मेण सांडायचं, ते ती नखाने खरवडायची, वर-खाली कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, आणि मेण कागदात उतरायचं.

मनाचंही असंच टप्प्याटप्प्याने करायचं असतं, असा तिचा समज. पहिल्या आठवड्यात भिजत घालायचं, म्हणजे उपास. दुसऱ्यात धुवायचं, म्हणजे फादरांपुढे आपली पापं सांगायची, पापनिवेदन. तिसऱ्यात राहिलेला डाग शोधायचा. आणि चौथा रविवार आला, मन स्वच्छ झालं, की बहिणीच्या दारात जायचं. दरवर्षी ती याच क्रमाने निघायची आणि दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात तिला डाग सापडायचा. गुलाबी झग्याला इस्त्री करताना आईचं ते कपाळ डोळ्यांसमोर यायचं आणि राग जसाच्या तसा परत यायचा. अशा मनाने जाणं म्हणजे मळकं कापड वेदीवर अंथरणं. मग ती म्हणायची, या वर्षी नाही जमलं, पुढच्या आगमनकाळात बघू. अशी वर्षं गेली. सगळी सोवळी, सगळी वाया.

मधला दुवा एकच होता, तो सलूनवाला. धाकटीच्या खोलीखालचं सलून त्याचं. टॉवेल धुवायला खळबाईकडे. तो तिच्या धर्माचा नाही, चर्चचं त्याला काही कळत नाही, पण माणूस मायेचा आणि तोंडाचा मोकळा. टॉवेलांचं बोचकं ठेवायचा आणि न विचारता बातमी सांगायचा. वरच्या मावशींना चष्मा लागला. वरच्या मावशींनी मांजर पाळलं. खळबाई टॉवेल मोजत राहायची. तिने एकदाही "कशी आहे ती?" असं विचारलं नाही. पण तो सांगायचा थांबला तर मोजणी चुकायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

यंदा पहिल्या जांभळ्या मेणबत्तीच्या आठवड्यात तो आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"वरच्या मावशींना दम लागतोय. जिना चढताना मध्येच बसतात. पायाला सूज आहे. मी डॉक्टरकडे नेलं तर म्हणतात, हृदय थकलंय."

"जिनाच तसला आहे," खळबाई म्हणाली आणि टॉवेल मोजायला लागली. सलूनवाला राईचा पर्वत करतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. याच्या मांजराला शिंक आली तरी याचं दुकान अर्धा दिवस बंद.

तो जाता जाता थांबला. "अजून एक. त्यांनी विचारलंय, ताईंची कुठली मेणबत्ती चालू आहे? मला काही कळलं नाही. तुम्हाला कळेल म्हणाल्या."

खळबाईचा हात थांबला. म्हणजे ताई दर आगमनकाळी माफीची तयारी करते हे धाकटीला माहीत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, तरी हिला माहीत होतं. लहानपणीही असंच, थोरली रुसली की किती वेळ रुसेल आणि कशानंतर बोलेल याचा हिशेब धाकटीकडे तयार असायचा.

"सांग, पहिली," ती म्हणाली. इतक्या वर्षांतला हा तिचा बहिणीला गेलेला पहिला शब्द.

दुसऱ्या आठवड्यात धाकटी अंथरुणातून उठेनाशी झाली. सलूनवाल्याची बायको वर जाऊन पेज भरवत होती. "येता का मावशी? पाच मिनिटं या," तो म्हणाला.

"माझं अजून व्हायचंय."

"काय व्हायचंय?"

याला काय सांगणार? ती म्हणाली, "सांग तिला, दुसरी चालू आहे."

त्या शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. फादर म्हातारे, एका कानाने कमी ऐकणारे. जाळीला तोंड लावून बोलावं लागे.

"बहिणीशी बोलत नाही, फादर. मनात राग आहे."

फादरांनी सुस्कारा टाकला. आवाज ओळखीचा आणि पापही ओळखीचं. पण मागच्या पापनिवेदनात ऐकलेलं बोलून दाखवायचं नसतं म्हणून त्यांनी ते गिळलं. "मग आजच जा. इथून उठा आणि सरळ तिच्या घरी जा. हेच तुमचं प्रायश्चित्त."

"आज नको, फादर. मन अजून साफ झालं नाही. चौथ्या रविवारी जाईन."

"बाई, घर झाडून होईपर्यंत पाहुण्याला दारात उभं ठेवता का तुम्ही?"

"हो, ठेवते," खळबाई म्हणाली. आणि ते खरंच होतं.

फादर हसले की रडकुंडीला आले हे जाळीतून दिसलं नाही. बहीण आजारी आहे, हे तिने त्यांना सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ते तेलाची कुपी घेऊन तिथूनच उठले असते, हिला हाताला धरून घेऊन गेले असते, आणि मग इतक्या वर्षांच्या तयारीचं काय झालं असतं? अर्ध्या धुतलेल्या मनाने तिला बहिणीसमोर उभं राहायचं नव्हतं. ती गप्प बसली. तिच्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक ती हीच, आणि ती तिने पापनिवेदनाच्या जाळीपुढे गुडघे टेकून केली.

तिसरा रविवार होऊन गुरुवार उजाडला. चर्चमधून धुवायला आलेल्या गुलाबी झग्यावर इस्त्री फिरवताना ती आईच्या कपाळाची वाट बघत राहिली. आणि नवल असं, की या वेळी कपाळ आलंच नाही. आलं ते आईचं बोट धरून बसलेलं धाकटीचं तोंड. किती घाबरली असेल ती तेव्हा. सोडवलं तर आई जागी होईल आणि नाही सोडवलं तर ताई ओरडेल. खळबाईने इस्त्री उभी करून ठेवली आणि पदर तोंडाला लावून मोठ्याने रडली. राग गेला होता. सगळीकडे शोधला तरी सापडत नव्हता.

तेव्हाच, त्याच पावली जायला हवं होतं, हे तुम्हा-आम्हाला कळतं. तिलाही कळत नव्हतं असं नाही. पण आता तिला हे काम आणखी चांगलं करायचं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं? तिने ट्रंकेतून आईच्या पलंगावरची जुनी पांढरी चादर काढली. धाकटीला लहानपणी खळीचं वावडं होतं. कडक फ्रॉक घातला की गळा टोचतो म्हणून भोकाड पसरायची आणि थोरली तिला चिमटे काढायची. म्हणून खळबाईने ती चादर पांढऱ्या घमेल्यात, चर्चच्या कापडांच्या घमेल्यात धुतली आणि आयुष्यात पहिल्यांदा खळ न घालता वाळत टाकली. हवा दमट होती. चादर लवकर वाळेना. ओलसर चादर आजारी माणसाला कशी द्यायची?

शुक्रवारी सलूनवाला टॉवेल न घेताच आला. "मावशी, आज चला. मी हात जोडतो. त्या विचारतात, गुलाबी झाली का?"

"झाली म्हणून सांग. रविवारी मिस्सा झाली की येते. नक्की येते. चादर घेऊन येते म्हणावं."

"रविवारी?"

"परवाचा दिवस काही लांब नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की सलूनवाल्याला पुढे बोलवेना.

चौथ्या रविवारी चारही मेणबत्त्या पेटल्या. पहिलीचं बोटभर बुड उरलं होतं. खळबाई पुढच्या बाकावर बसली होती, मांडीवर कागदात गुंडाळलेली चादर. मिस्सा संपताच ती कोणाशी न बोलता निघाली, जवळजवळ धावत. लोक बघत राहिले, कारण खळबाईला धावताना कोणी पाहिलं नव्हतं. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. "ती झोपली होती, मला माहीत आहे," असं म्हणायचं. बाकी काही नाही.

रविवार म्हणजे सलूनची गर्दी. पण शटर अर्ध्यावर होतं आणि सलूनवाला बाहेर पायरीवर बसला होता. त्याने तिला पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"मघाशीच," तो म्हणाला. "तुमच्या चर्चची घंटा चालू होती तेव्हा."

तिला कळलं, पण ती म्हणाली, "फादर? फादरना कोणी बोलावलं होतं?"

"मी कालच म्हणालो त्यांना. तुमच्या लोकांत काही तेल लावतात ना, तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. बोलावू का फादरना? तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, ताई येईल, तीच घेऊन येईल. आईच्या वेळी तिच्या मनातलं राहून गेलं, माझं तरी तिच्या हातून होऊ दे. दोनदा बजावलं मला, ताईच्या आधी कोणाला आणू नकोस म्हणून." तो रडायला लागला. "मला काय कळतंय, मावशी? मला वाटलं, तुमच्यात असंच असतं."

जिना खरंच वाईट होता. ती तो कसा चढली ते तिला नंतर आठवलं नाही.

खोलीत धाकटी पडलेली होती, लहानशी. पलंगाजवळ एक स्टूल होतं आणि स्टुलावर मांडामांड केलेली. फादर आजाऱ्याच्या घरी येणार असले की जशी मांडतात तशी, नीट, काही न विसरता. क्रूस, न पेटवलेली मेणबत्ती, पवित्र पाण्याची वाटी, तेलाचे हात पुसायला कापूस. खाली पांढरं कापड. खळबाईने सवयीने कापडाला हात लावला. त्याला खळ होती. घरी शिजवलेली, गाठी राहिलेली, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला मुळीच नाही. उठता येत होतं तेव्हाच, काज-बटण करणाऱ्या हाताने ताईला आवडतं म्हणून कापड कडक करून ठेवलं होतं.

सलूनवाला धावत जाऊन फादरना घेऊन आला. म्हातारे फादर धापा टाकत जिना चढले, खिशातून कुपी काढली, पलंगाकडे पाहिलं.

"लावा ना, फादर," खळबाई म्हणाली.

"बाई, आता लावत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तरी लावा. कोणाला सांगणार नाही मी. एवढंसं लावा."

नियमाचं बोट कधी न सोडलेली बाई त्या म्हाताऱ्याच्या झग्याला धरून भीक मागत होती. फादरांचे डोळे भरून आले, पण कुपी त्यांनी परत खिशात ठेवली. "आपण प्रार्थना करू," ते म्हणाले. त्यांनी केली. खळबाईला एकही शब्द म्हणता आला नाही. ती धाकटीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. ते कोरडंच होतं. मग तिने आईची चादर उलगडून तिच्या अंगावर घातली आणि गळ्यापाशी दोनदा दुमडली, टोचू नये म्हणून.

नाताळ आला. वेदीवरची पांढरी कापडं वेळेवर गेली, एकालाही सुरकुती नव्हती, आणि कोणाला काही नाव ठेवायला जागा मिळाली नाही. शेजारच्या बायका भेटून गेल्या. एकीने विचारलं, "फादर वेळेवर आले होते ना हो?" खळबाईने मान खाली घातली.

सण उलटल्यावर सलूनवाला टॉवेलांचं बोचकं घेऊन आला. ठेवलं आणि उभा राहिला. ती टॉवेल मोजायला लागली. मोजता मोजता चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले, पुन्हा चुकली. मग हातातला टॉवेल तसाच धरून तिने वर पाहिलं.

"काही निरोप आहे का?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. सलूनवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग खाली बसून तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि राहिलेले स्वतःच मोजले.